‘सर्व्हर डाऊन’च्या अलीकडे

तूर किंवा कापूस विकण्यासाठी मोबाइलवरून नोंदणी करायची वेळ आली की विदर्भातल्या गावागावांतून एकच वाक्य ऐकू येते : ‘सर्व्हर डाऊन आहे.’ पडद्यावर चक्र फिरत राहते, शेतकरी ॲप बंद करून पुन्हा उघडतो आणि शेवटी तालुक्याच्या सेवा केंद्रात जाऊन रांगेत उभा राहतो. सर्व्हर खरोखरच बंद पडतो, तसेही होते. परंतु पुष्कळदा तो व्यवस्थित चालू असतो, गावातली रेंज तेवढी कमजोर असते, आणि ती कमजोरी ओळखून वागण्याची सोय ॲपच्या आत कोणी केलेली नसते. ही सोय नीट करण्यासाठी प्रोग्रामिंगमध्ये डिपेन्डन्सी इंजेक्शन (एखाद्या भागाला लागणारी गोष्ट त्याला बाहेरून पुरवणे) नावाची एक अतिशय देखणी पद्धत आहे.

दूरच्या यंत्रावरील काम आपल्याच यंत्रावर असल्यासारखे मागता यावे, या कल्पनेला संगणकशास्त्रज्ञ अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांच्या 1984 च्या शोधनिबंधाने भक्कम रूप दिले. सोय मोठी झाली, पण तिच्यापाठोपाठ एक गैरसमजही आला. सन मायक्रोसिस्टिम्स या संगणक कंपनीतील जिम वाल्डो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 मध्ये बजावले की जवळचे आणि दूरचे यांतला फरक लपवता येत नाही. फोनच्या आतले साधे काम सेकंदाच्या कोट्यवधीव्या भागात उरकते. मेळघाटातल्या फोनला दूरच्या सर्व्हरकडून उत्तर मिळायला अर्धा सेकंद लागू शकतो, किंवा उत्तर कधीच येत नाही. उत्तर आले नाही, तर नोंदणी झाली की नाही हे फोनला कळण्याचा मार्गच उरत नाही.

आता ॲपची आतली रचना पाहू. भाव दाखवणारा भाग, नोंदणी करणारा भाग, पावती दाखवणारा भाग, असे प्रत्येक जण आपापल्या पोटात सर्व्हरचा पत्ता ठेवून स्वतःच जोडणी उघडत असतील, तर किती वेळ वाट पाहायची, पुन्हा कधी विचारायचे, हे नियम दहा ठिकाणी विखुरतात आणि दहाही ठिकाणी वेगवेगळे होतात. डिपेन्डन्सी इंजेक्शनमध्ये, ज्याला हे नाव मार्टिन फाउलर यांच्या 2004 च्या लेखामुळे रूढ झाले, नोंदणीचा भाग सर्व्हरशी बोलणारी सेवा स्वतः निर्माण करत नाही. ‘नोंदणी पाठवू शकणारे काहीतरी मला द्या’ एवढीच अट तो घालतो आणि ते त्याला बाहेरून, तयार होतानाच, हाती दिले जाते. विहिरीवरच्या मोटारीला थ्री-फेज वीज लाइनवरून येते की जनरेटरवरून, याच्याशी कर्तव्य नसते. चेंजओव्हर बाहेर असतो. तसेच हे आहे.

या पद्धतीची खरी गंमत पुढे आहे. नोंदणीच्या भागाला फक्त अट ठाऊक असल्यामुळे खऱ्या सेवेभोवती तीच अट पाळणारी आवरणे चढवता येतात. एक आवरण पाच सेकंदांची मर्यादा घालते, दुसरे अपयश आल्यास एकूण तीनदा प्रयत्न करते, मधे आधी एक व मग दोन सेकंद थांबते. मर्यादेचे आवरण आत आणि पुनर्प्रयत्नाचे बाहेर असेल तर प्रत्येक प्रयत्नाला पाच सेकंद मिळतात आणि सगळे मिळून जास्तीत जास्त अठरा सेकंद लागतात. क्रम उलटा केला तर पाच सेकंदांची मर्यादा सगळ्या प्रयत्नांना मिळून लागू होते, आणि पहिलाच प्रयत्न अडकला तर दुसऱ्याची पाळीच येत नाही. आवरणे तीच, पण वागणूक पूर्ण वेगळी; आणि हा क्रम संपूर्ण ॲपमध्ये एकाच फाइलमध्ये, डोळ्यांसमोर लिहिलेला असतो.

पुनर्प्रयत्न मात्र जपून करावा लागतो. भाव तीनदा विचारला तर काही बिघडत नाही. नोंदणी तीनदा गेली तर एकाच शेतकऱ्याच्या तीन नोंदी होऊ शकतात. म्हणून फोनने प्रत्येक नोंदणीला एक वेगळा क्रमांक द्यावा, पुनर्प्रयत्नात तोच पाठवावा, आणि सर्व्हरने तो क्रमांक आधी आलेला असल्यास नवी नोंद न करता जुनेच उत्तर परत द्यावे. शिवाय प्रतीक्षेच्या काळात थोडा यादृच्छिक फरक ठेवावा, नाहीतर हजारो फोन एकाच क्षणी पुन्हा धडकून सावरत असलेल्या सर्व्हरला पुन्हा आडवे करतात.

जोडणी किती काळ जिवंत ठेवायची, हेही त्याच फाइलमध्ये ठरते. नव्या सुरक्षित जोडणीसाठी, टीएलएस 1.3 (संदेश गुप्त ठेवणाऱ्या नियमांची नवी आवृत्ती) वापरले तरी, प्रश्न विचारण्याआधी संदेशांच्या दोन फेऱ्या होतात. एका फेरीला 300 मिलिसेकंद लागत असतील तर 600 मिलिसेकंद नुसत्या ओळखीतच गेले. जोडणी सांभाळणारा एकच ऑब्जेक्ट, म्हणजे प्रोग्राममधला एक घटक, सर्व भागांना पुरवला तर हा खर्च दर वेळी पडत नाही.

शेतीच्या ॲपांच्या जाहिरातींत हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेचा उल्लेख ठळक असतो. ज्या ॲपला उत्तराची वाट किती पाहावी हे ठाऊक नाही, त्याने पिकाचे भाकीत करण्याचा दावा करणे शेतकऱ्याच्या वेळेचा अपमान आहे. त्याचप्रमाणे डिपेन्डन्सी इंजेक्शनसाठी ही जुळणी आपोआप करणारी स्प्रिंग किंवा डॅगरसारखी तयार साधने घेतलीच पाहिजेत, हाही भ्रम आहे. लहान ॲपमध्ये हाताने केलेली जुळणी पुरते.

चाचणीच्या वेळी ही पद्धत सर्वाधिक उपयोगी पडते. शहरातल्या कार्यालयात वेगवान वायफायवर बसलेल्या प्रोग्रामरला गावातली रेंज दिसत नाही, परंतु खऱ्या सेवेच्या जागी तो एक नकली सेवा देऊ शकतो, जी नोंद करून घेते आणि उत्तर मुद्दाम हरवते. तीन प्रयत्नांनंतर नोंद एकच राहिली पाहिजे, एवढे तपासायचे. घड्याळही बाहेरूनच पुरवलेले असेल तर त्याच्या जागी हाताने पुढे सरकवता येणारे नकली घड्याळ ठेवता येते, आणि ती अठरा सेकंदांची वाट क्षणात संपून ही चाचणी प्रत्येक बदलानंतर चालवणे परवडते.