बायसन : शब्दाचा अर्थ आणि व्युत्पत्ती

बायसन हे बोव्हिडी (गाय-म्हशींच्या) कुलातील एका रानटी, धिप्पाड प्राण्याचे नाव आहे. उंच खांदा, मान आणि छातीवर दाट केस, हनुवटीखाली दाढी ही त्याची ठळक लक्षणे. अमेरिकन बायसन आणि युरोपीय बायसन (विसेंट) अशा त्याच्या दोन जाती आज हयात आहेत.

मराठीत हा शब्द इंग्रजीतून आला. इंग्रजीत तो लॅटिनमधून, फ्रेंचमार्गे पोहोचला. पण मूळचा तो लॅटिनही नाही. रोमन लोकांनी तो उत्तरेकडच्या जर्मानिक टोळ्यांकडून उचलला आणि त्यातल्या ‘व’चा ‘ब’ झाला. जुन्या उच्च जर्मनमधील ‘विसुंट’, जुन्या नॉर्समधील (स्कँडिनेव्हियाच्या प्राचीन भाषेतील) ‘विसुंद्र’ आणि आजच्या जर्मनमधील ‘विसेंट’ ही त्याच शब्दाची रूपे. जुन्या इंग्रजीतही ‘वेसेंड’ होता. तो वापरातून गेला आणि पुढे हाच शब्द ‘बायसन’ या परक्या वेषात इंग्रजीत परतला.

मूळ अर्थाविषयी भाषाशास्त्रज्ञांचा एक तर्क मराठी वाचकाला जवळचा वाटेल. माजावर आलेल्या नराच्या अंगाला उग्र दर्प येतो. म्हणून काही अभ्यासक या नावाचा संबंध वाहणे, पाझरणे, दर्प येणे अशा अर्थांच्या प्राचीन धातूशी जोडतात. संस्कृत ‘विष’ आणि ‘विस्र’ (कच्च्या मांसासारखा वास येणारा) हे शब्दही त्याच धातूचे मानले जातात. तसे असेल, तर बायसन म्हणजे ‘उग्र वासाचा’.

नावांचा गोंधळ मात्र फार जुना आहे. इ. स. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी जर्मनीतील ‘आयाळ असलेल्या बायसन’चा उल्लेख करतो आणि तिथल्याच दुसऱ्या रानबैलाला अडाणी लोक ‘बुबालुस’ म्हणतात, अशी तक्रारही करतो. कारण ते नाव आफ्रिकेतल्या निराळ्याच प्राण्याचे होते. ग्रीक ‘बुबालोस’ हा एक कुरंग. त्याच शब्दावरून ‘बफेलो’ झाला, तो म्हशीला चिकटला आणि पुढे उत्तर अमेरिकेत बायसनलाही. तिथे बोलीत आजही ‘बफेलो’च चालतो, पण म्हैस आणि बायसन वेगळे.

स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनीअसने 1758 मध्ये ‘बोस बायसन’ हे नाव अमेरिकन प्राण्याला दिले. ज्याच्यासाठी शब्द जन्मला, त्या युरोपीय प्राण्याच्या वाट्याला ग्रीकांचे ‘बोनासस’ आले. पुढे दोघांसाठी ‘बायसन’ ही स्वतंत्र प्रजाती (जवळच्या जातींचा गट) मानली गेली. अलीकडे काही शास्त्रज्ञ दोघांना पुन्हा ‘बोस’मध्येच ठेवतात.

इंग्रज शिकाऱ्यांनी भारतातल्या गव्याला ‘इंडियन बायसन’ म्हटले. कोल्हापूर जिल्ह्यातले दाजीपूर त्यामुळेच ‘बायसन अभयारण्य’ म्हणून ओळखले जाते. गव्याचे शास्त्रीय नाव ‘बोस गौरस’. त्याच्या अंगावर आखूड, गुळगुळीत केस असतात. बायसनसारखी दाढी किंवा लोकरीची झूल त्याला नाही. मराठीत त्याला गवा किंवा गवारेडा हीच अचूक नावे आहेत.