मध्यंतरातली रांग

नाटकाचा पहिला अंक संपतो, दिवे लागतात आणि बायका शौचालयाकडे अक्षरशः धावत सुटतात. त्यांना पुढचं ठाऊक असतं. पाच मिनिटांत पुरुष हात पुसत बटाटेवड्यापाशी पोचलेले असतात आणि बायकांची रांग जिन्याला टेकलेली असते. ‘बायकांना वेळच फार लागतो,’ असा शेरा तिथे कोणीतरी मारतोच.

वेळ लागतो हे खरं. ढोबळमानाने दीडपट ते दुप्पट. साडी, सलवारीची नाडी, सोबतचं लहान मूल, पाळीच्या दिवसांत पॅड बदलणं. त्यात पर्स अडकवायला दाराला खुंटी नसते (दार बसवणाऱ्याकडे पर्स नसते), म्हणून पर्स गळ्यात आणि कुर्त्याचं टोक दातांत धरून कसरत.

मग दुप्पट वेळ लागत असेल, तर रांगेत थांबणंही दुप्पट, असं वाटेल. इथेच गंमत आहे. रांगांच्या गणिताचा पाया एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने 1909 साली घातला, तोही टेलिफोनचे कॉल अभ्यासताना. ते गणित आपण शौचालयाला लावू. समजा, पुरुषांसाठी एक खोली, बायकांसाठी एक. दोन्हीकडे तासाला सरासरी 27 जण, वाटेल तेव्हा येणारे. पुरुषाला सरासरी 1 मिनिट लागतं, बाईला 2. म्हणजे पुरुषांची खोली 45 टक्के वेळ व्यापलेली, बायकांची 90 टक्के. सूत्रात आकडे घातले की पुरुषाला सरासरी 49 सेकंद थांबावं लागतं आणि बाईला 18 मिनिटं. जवळजवळ 22 पट! कारण 90 टक्के व्यापलेल्या खोलीत सवडच उरत नाही. चारजणी एकदम आल्या की तुंबलेली रांग ओसरायच्या आत पुढच्या चौघी येतात. मध्यंतरात तर सगळ्याच एकदम येतात.

शिवाय नकाशावर दोन्ही बाजू सारख्या दिसल्या तरी पुरुषांकडे मुताऱ्या असतात. त्यांना जागा कमी लागते, त्यामुळे तेवढ्याच चौरस फुटांत जास्त माणसं मावतात. न्यूयॉर्क शहराने 2005 साली नव्या नाट्यगृहांसारख्या ठिकाणी बायकांसाठी दुप्पट सोय सक्तीची केली, ती यामुळेच.

आपल्याकडे मुळात रांग लावायला जागा तरी कुठे असते? एसटीने लांब जायचं असलं की बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. पाणी कमी, त्यात लघवी दाबून धरलेली, म्हणजे मूत्रमार्ग धुऊन निघत नाही आणि जंतूंना वाढायला निवांत वेळ मिळतो. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम 4 सेंटिमीटरचा, पुरुषाचा साधारण 20. आतड्यातले ई-कोलाय जंतू एवढंसं अंतर सहज कापतात. जळजळ सुरू झाली की घरी ‘उन्हाळी लागली’ म्हणून धण्याचं पाणी देतात. पण ताप आला, पाठ दुखू लागली, तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो. तेव्हा डॉक्टरच हवा.

मुंबईत 2011 पासून ‘राइट टू पी’ (लघवीचा हक्क) चळवळीतल्या बायकांनी एक साधा हिशेब मांडला: पुरुषांना मुतारी फुकट, आम्हाला मात्र पैसे का? पुण्यातल्या ‘मिळून साऱ्याजणी’ मासिकाच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2015 मध्ये महापालिकांना स्त्रियांच्या स्वच्छतागृहांची योजना आखायला सांगितलं. त्याआधी 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांसाठी स्वतंत्र शौचालयांचे निर्देश दिले होते. तोवर त्यांना दोन्ही दारांशी नजरा झेलाव्या लागत होत्या. बऱ्याच ठिकाणी अजूनही लागतात.

आता मघाच्याच दोन खोल्या सगळ्यांना सामाईक करून बघू. रांग एक, जी खोली रिकामी होईल तिच्यात पुढचं माणूस. बाईचं थांबणं 18 मिनिटांवरून साधारण दीड मिनिटावर येतं. पुरुषाचंही 49 सेकंदांवरून तेवढंच होतं, म्हणजे त्याला अर्ध्या मिनिटाहून थोडं जास्त थांबावं लागतं. आडबाजूच्या अंधाऱ्या बोळातून अनोळखी पुरुषांबरोबर आत जायला बायका धजणार नाहीत, आणि ते रास्तच आहे. पण प्रत्येक खोलीचं दार थेट वर्दळीच्या, उजेडाच्या जागी उघडत असेल तर? आपल्या रेल्वेच्या डब्यांत वर्षानुवर्षं हेच चालू आहे. दारावर ना बाईचं चित्र, ना पुरुषाचं. कडी तेवढी लागायला हवी.