शेळ्यांचा गोठा

दुधासाठी घरी पाळलेल्या दोन-चार शेळ्यांना ऊन, पाऊस, ओल आणि हिंस्र प्राणी यांपासून आडोसा देणारी बांधणी. ‘गोठा’ हा शब्द संस्कृत ‘गोष्ठ’ (गाई बांधण्याची जागा) यावरून आला. ‘गोष्ट’ही त्याच कुळातली. शेळीच्या घराला नाव मिळाले तेही गाईचेच.

शेळी प्रथम पश्चिम इराणमधील झॅग्रोस डोंगररांगांच्या परिसरात माणसाळली, असा बहुतेक अभ्यासकांचा कल आहे. तेथील गंज दरेह या स्थळी मातीच्या विटांवर शेळ्यांच्या खुरांचे ठसे आढळले. विटा वाळत घातल्या असताना शेळ्या त्यांवरून चालत गेल्या असाव्यात. हा काळ साधारणपणे 10,000 वर्षांपूर्वीचा धरतात. पूर्वी हाडांचा लहान आकार हीच माणसाळण्याची खूण मानली जाई. नंतरच्या संशोधनात कोवळे बोकड मारून माद्या राखल्याचा पुरावा अधिक महत्त्वाचा ठरला, आणि तोच जास्त पटणारा आहे. महाराष्ट्रात इनामगाव (जि. पुणे) येथील ताम्रपाषाणयुगीन वसाहतीत शेळी-मेंढीची हाडे मिळाली आहेत. या दोघींची हाडे वेगळी ओळखणे अवघड असल्याने ती बहुधा एकत्रच मोजतात.

जागेच्या मापांत एकवाक्यता नाही. रूढ शिफारशीनुसार मोठ्या शेळीला छताखाली 10 ते 12 चौ. फूट, बोकडाला 15 ते 20, करडाला 4 ते 5 आणि याच्या दुप्पट मोकळे आवार लागते. महाराष्ट्र शासनाच्या 2021 च्या रोजगार हमीशी जोडलेल्या योजनेत मात्र 10 शेळ्यांना 7.5 चौ. मी. निवारा पुरेसा धरला आहे, म्हणजे शेळीमागे जेमतेम 8 चौ. फूट. दिवसभर चरायला जाणाऱ्या शेळ्यांना एवढे भागते. बंदिस्त पद्धतीत आणि कास भरलेल्या दुभत्या शेळीला 12 चे मापच धरावे. चार शेळ्या व सहा करडे असतील तर 8 × 10 फुटांची शेड व 160 चौ. फुटांचे आवार हवे.

मापापेक्षा जमीन कोरडी असणे अधिक मोलाचे. मुरूम ठोकून थोडा उतार दिला की मूत मुरते आणि लेंड्या सुट्या राहून झाडता येतात. कोबा धुवायला सोपा, पण ओला राहिला तर खुरांना बाधतो. कोकणात पावसाळ्यासाठी फळ्यांचे उंच मचाण करतात. फटींतून लेंडी खाली पडावी पण करडाचा पाय अडकू नये, म्हणून फट सुमारे दीड सें.मी. ठेवतात. हवा तपासायची तर माणसाने करडाच्या उंचीला खाली बसावे. उभ्याने न जाणवणारा अमोनिया तिथे डोळ्यांना झोंबतो.

बोकड शेजारी बांधल्यास दुधाला वास येतो, ही समजूत सार्वत्रिक आहे. बोकडाचा उग्र दर्प मुख्यतः शिंगांमागच्या ग्रंथींतील 4-इथाइल ऑक्टॅनोइक आम्लामुळे येतो. दुधाचा वास मात्र वेगळ्या वाटेनेही येऊ शकतो. शेळीच्या दुधातील कॅप्रोइक, कॅप्रिलिक व कॅप्रिक आम्लांची नावेच शेळीच्या लॅटिन नावावरून पडली. दूध हिंदकळले किंवा गार करायला उशीर झाला, की स्निग्धांश फुटून ही आम्ले सुटी होतात. एका मतानुसार दोष सर्वस्वी बोकडाचा, दुसऱ्यानुसार हाताळणीचा. दुसरे मत अधिक सबळ दिसते. तरी धार काढताना बोकड दूर असावा हेच बरे. वेगळे ठेवण्याचा आणखी एक लाभ असा, की बरेच दिवस दूर असलेला बोकड अचानक समोर आल्यास शेळ्या माजावर येतात.

शेळी गव्हाणीत पुढचे पाय रोवते आणि तुडवलेला चारा पुन्हा तोंडात घेत नाही. म्हणून गव्हाणीवर आडवी दांडी लावतात. सुबाभूळ, शेवरी यांचा पाला वाशाला सुतळीने उलटा टांगला, तर ती मागच्या पायांवर उभी राहून शेंड्यापासून ओरबाडते व वाया फार कमी जाते. दाराची कडी बाहेरून खाली लावावी. आतली कडी शेळी ओठांनी उघडू शकते.

जुन्नर-संगमनेरच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याच्या भीतीने रात्रीच्या जागेला वरूनही जाळी मारतात. संगमनेरी शेळी याच भागातली.