गाय गाभडते, माणसाला ताप येतो

गावी कुणाची गाय सहाव्या-सातव्या महिन्यात गाभडली की सगळे हळहळतात, पोटाला मार बसला असेल, काहीतरी भलतंच खाल्लं असेल असं म्हणतात, आणि वार अडकली तर घरातलंच कुणीतरी उघड्या हाताने ती ओढून काढतं. मी लहानपणी गोठ्यात उभं राहून हे बघितलंय. हात बादलीत बुचकळले, गोणपाटाला पुसले, झालं काम. पुढे मायक्रोबायोलॉजी शिकताना ते हात आठवले आणि पोटात गोळाच आला, कारण अशा वारेत ब्रुसेला नावाचे बॅक्टेरिया कोट्यवधींनी असू शकतात आणि बोटावरच्या साध्या ओरखड्यातूनही ते माणसात शिरतात.

गाईचं गाभडणं आणि माणसाला येणारा एक चिवट ताप यांचं नातं आज पुस्तकात दोन ओळीत उरकतात. ते नातं दाखवून देणाऱ्या ॲलिस इव्हान्स या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंना मात्र त्यासाठी फार सोसावं लागलं, आणि त्यांच्याबद्दल आपल्याकडे जवळजवळ कुणी बोलत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

आधी थोडं मागे जाऊया. भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिक एका तापाने आजारी पडायचे. ताप चढायचा, उतरायचा, परत चढायचा, घामाने अंथरूण भिजायचं, सांधे धरायचे, महिनोनमहिने हेच. डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने 1887 मध्ये मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून यातला जंतू वेगळा केला, तो त्याला गोल दिसला म्हणून नाव दिलं मायक्रोकॉकस. 1905 मध्ये थेमिस्टोक्लीस झामित यांनी तो बकऱ्यांमध्ये शोधला, म्हणजे ताप बकरीच्या कच्च्या दुधातून येत होता. इकडे डेन्मार्कमध्ये बर्नहार्ड बँग यांनी 1897 मध्ये गाभडलेल्या गाईंमधून एक जंतू काढला, तो काडीसारखा दिसला म्हणून त्याचं नाव बॅसिलस. एक गोल, एक काडी, एक माणसाच्या डॉक्टरांचा, एक गुरांच्या डॉक्टरांचा, त्यामुळे वीस वर्षं या दोघांना शेजारी ठेवून बघायचं कुणाला सुचलंच नाही.

इव्हान्स बाईंचा जन्म 1881 चा, पेनसिल्व्हेनियातल्या खेड्यातला. आधी चार वर्षं शाळेत शिकवलं, मग खेड्यातल्या शिक्षकांसाठी फुकट असलेला कोर्स करायला कॉर्नेलला गेल्या आणि बॅक्टेरियाच्या नादाला लागल्या. पीएचडी केली नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या डेअरी विभागात नोकरी लागली आणि काम मिळालं ते सडातून नुकत्याच काढलेल्या स्वच्छ दुधात कोणते जंतू असतात ते बघायचं. तेव्हा सगळ्यांची समजूत अशी की असं ताजं दूध म्हणजे एकदम सुरक्षित, आपल्याकडे धारोष्ण दुधाबद्दल म्हणतात ना तसंच. पण बाईंना वरून ठणठणीत दिसणाऱ्या गाईंच्या दुधातही बँगचा जंतू सापडायला लागला, आणि त्यांच्या मनात आलं की हा माणसाला काही करत नाही हे नक्की कुणी तपासलंय?

म्हणून त्यांनी माल्टाचा जंतू आणि गाईचा जंतू एकाच टेबलावर घेतला. सूक्ष्मदर्शकाखाली दोघांत फरक करता येईना. मग सीरमची टेस्ट, ही समजायला सोपी आहे. एखाद्या जनावराच्या शरीराने जंतूविरुद्ध अँटीबॉडी, म्हणजे त्याच्याशी लढणारी प्रथिनं, बनवलेल्या असतील तर त्याच्या रक्ताचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी, त्या जंतूच्या गढूळ पाण्यात टाकलं की जंतू एकमेकांना चिकटतात आणि गुठळ्या होऊन तळाला बसतात. इथे एकाविरुद्धचं सीरम दुसऱ्याच्याही गुठळ्या करत होतं! 1917 मध्ये त्यांनी हे परिषदेत मांडलं, 1918 मध्ये पेपर छापला, आणि साफ सांगितलं की दूध पाश्चराइज करा, म्हणजे 63 अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवा.

कुणी ऐकलं नाही. हे खरं असतं तर आमच्या आधीच कुणाला तरी दिसलं असतं, असं तज्ज्ञांचं म्हणणं, आणि थिओबाल्ड स्मिथ यांच्यासारखा फार मोठा जंतूशास्त्रज्ञसुद्धा विरोधात. बाई, पीएचडी नाही, पशुवैद्य नाही, आणि वर दूधवाल्यांचा खर्च वाढवणारी गोष्ट सांगतेय. 1920 मध्ये कॅलिफोर्नियात कार्ल मायर यांच्या लॅबने तोच निष्कर्ष काढला आणि ब्रूसच्या नावावरून दोन्ही जंतूंना ब्रुसेला हे नाव आलं, तरी वाद संपायला पुढची बरीच वर्षं लागली.

आणि 1922 मध्ये बाईंनाच लॅबमध्ये काम करताना लागण झाली. हा जंतू लबाड आहे. ज्या पांढऱ्या पेशींनी त्याला खायचं त्यांच्याच आत जाऊन तो राहतो, म्हणून औषधं आणि अँटीबॉडी त्याच्यापर्यंत नीट पोचत नाहीत आणि ताप परतपरत येतो. बाईंना डॉक्टर म्हणाले, नसांचा अशक्तपणा आहे, म्हणजे थोडक्यात मनाचे खेळ. पुढे दुसऱ्याच कारणासाठी ऑपरेशन झालं तेव्हा शरीरात जखमा दिसल्या आणि त्यातून ब्रुसेला वाढवून दाखवता आला. ज्या जंतूवर त्यांचं अख्खं काम, तोच अंगात असताना त्यांना हे ऐकावं लागलं, हे वाचताना मला राग आवरत नाही. वीसेक वर्षं त्या अधूनमधून आजारी पडत राहिल्या आणि तरी काम सोडलं नाही. 1928 मध्ये अमेरिकेतल्या बॅक्टेरियॉलॉजिस्टांच्या सोसायटीच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या, आणि 1930 च्या दशकात तिकडे दुधाचं पाश्चरायझेशन सक्तीचं होत गेलं.

आपल्याकडे दूध उकळूनच प्यायची सवय आहे, त्याने खूप वाचतो आपण, पण गोठ्यातला धोका उकळून जात नाही. गुरांचे डॉक्टर, गोठ्यात राबणाऱ्या बायका, कत्तलखान्यातले कामगार यांना तो रोजचाच. संध्याकाळी चढणारा ताप, रात्री घाम, कंबर धरलेली, वजन उतरलेलं, यावर टायफॉइड नाहीतर टीबीचा संशय घेतला जातो आणि घरात गुरं आहेत का, एखादी गाभडली का, हा प्रश्न राहून जातो. तो डॉक्टरांनी विचारला नाही तर आपण आपणहून सांगावं, कारण निदान झालं तर औषध आहे, पण दोन अँटिबायोटिक साधारण सहा आठवडे न चुकता घ्यावी लागतात.

2019 पासून केंद्राच्या पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ्या-खुरकतीबरोबर ब्रुसेलाचीही लस आहे, 4 ते 8 महिन्यांच्या कालवडींना आणि पारड्यांना. ही लस जिवंत पण कमजोर केलेल्या जंतूची आहे, टोचताना सुई हाताला लागली तर माणसालाही आजार होऊ शकतो, म्हणून ती डॉक्टरांकडूनच घ्यायची, गाभण जनावराला द्यायची नाही. आणि गाय गाभडलीच तर हातमोजे घालून वार आणि मेलेलं वासरू चुना टाकून खोल पुरायचं, उकिरड्यावर टाकलं तर कुत्री ओढत नेतात आणि जंतू शेजारच्या गोठ्यात पोचतो.