घरगुती एसीतील हवेचा अडथळा

एसीच्या इनडोअर किंवा आउटडोअर युनिटमधून पुरेशी हवा न खेळल्याने होणारा बिघाड. एसी हा मुळात हीट पंपच. खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकणारा. थंड प्रदेशांत झडप फिरवून हाच क्रम उलटा करतात आणि घर गरम ठेवतात. ठाणे-नवी मुंबईत ती वेळ सहसा येत नाही.

१ टनाच्या एसीला मिनिटाला साधारण ३५० ते ४०० घनफूट हवा लागते. घोडबंदर रस्त्यालगत बांधकामांची धूळ, हॉलमधल्या एसीला फोडणीचा तेलकट धूर. जाळी काढून उजेडात धरली तर पलीकडचे दिसत नाही. हवा कमी झाली की इनडोअरची कॉइल, म्हणजे पातळ पत्र्यांतून गेलेली गॅसची नळी, शून्याखाली उतरते आणि तिच्यावर बाष्प गोठते. बर्फाने पत्र्यांमधल्या फटी बुजतात, हवा आणखी अडते, बर्फ आणखी चढतो. एसी बंद केल्यावर तोच वितळून भिंतीवर ओघळ येतात आणि खाली बादली लावावी लागते.

यावर ठरलेले निदान म्हणजे ‘गॅस संपला’. ते बरेचदा चुकीचे असते. गॅस बंद नळ्यांत फिरतो, गळती असल्याशिवाय कमी होत नाही. गॅस खरोखर कमी असेल तर बर्फ बहुधा कॉइलच्या एका टोकाला, बारीक नळीकडे धरतो. हवा अडली असेल तर कॉइलभर पसरून जाड नळीपर्यंत येतो. अशा वेळी वरून गॅस भरला तर न उकळलेला द्रव कंप्रेसरमध्ये, म्हणजे गॅस दाबणाऱ्या पंपात, शिरून त्याचे तेल पातळ करतो.

आउटडोअरचे दुखणे वेगळे. इमारतीच्या अरुंद डक्टमध्ये एकावर एक युनिटे असली की खालच्याची गरम हवा वरचा ओढतो. त्यात कबुतराचे घरटे, ग्रिलमधल्या कुंड्या. गॅसचा दाब वाढतो, वीज जास्त जाते आणि ऐन मे महिन्याच्या दुपारी कंप्रेसर ट्रिप होतो. वाशी-नेरूळकडे खाडीची खारी हवा कॉइलचे ॲल्युमिनियमही खाते.

बर्फ धरल्यास कूलिंग बंद करून नुसता पंखा चालू ठेवतात, मग जाळी आणि ब्लोअर धुतात. सुरीने खरवडल्यास कॉइलला भोक पडते, आणि मग गॅस खरोखरच जातो.