घोडी, खच्ची की वळू? स्वाराच्या निवडीमागचा इतिहास

नर घोड्यांच्या रांगेजवळून माजावर आलेली घोडी गेली, की मोतद्दाराला लगाम दोन्ही हातांनी धरावा लागतो. घोडा मान ताणतो, वरचा ओठ उलटा वळवून हवा हुंगतो आणि पागा दणाणेल असा खिंकाळतो. स्वारीला कोण घ्यावे, हा जुना वाद बराचसा या खिंकाळण्याभोवतीच फिरतो.

काळ्या समुद्राच्या उत्तरेचे सिथियन लोक आपले घोडे खच्ची करत, म्हणजे नराचे वृषण काढून टाकत. घोडे लहान, पण विलक्षण चपळ आणि आवरायला अवघड, म्हणून ही रीत, असे स्ट्रॅबो या ग्रीक भूगोलकाराने सुमारे २,००० वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे. कळप मोकळा चारायचा तर दुसरा इलाजही नव्हता. एका कळपात दोन वळू, म्हणजे खच्ची न केलेले नर, सुखाने नांदत नाहीत.

अरबस्तानातल्या वाळवंटी भटक्या बदाऊंनी घोडी पसंत केली. रात्री छापा घालायला निघालेल्यांना समोरच्या तळावरच्या घोड्यांचा वास येताच खिंकाळणारा नर परवडणारा नव्हता. घोड्याचे कूळही ते आईकडून सांगत, आणि जातिवंत घोडी सहसा विकत नसत. युरोपातल्या नाइटला मात्र रणात नरच हवा असे, कारण त्याचा आक्रमकपणा लढाईत कामी यायचा.

दख्खनच्या शिलेदाराचा हिशेब मला सर्वांत जवळचा वाटतो. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदार स्वतःचा घेऊन चाकरीला येई. घोडा पडला तर नुकसान त्याचेच. अशा माणसाच्या दारात घोडी असणे म्हणजे भांडवलच. ११ महिन्यांच्या गाभणकाळानंतर शिंगरू होते आणि तीन-चार वर्षांत ते खोगिराला येते.

पुढे १९व्या शतकात इंग्रजांनी भारतातल्या घोडदळासाठी ऑस्ट्रेलियातून घोडे आणले. न्यू साउथ वेल्समधून येणारे, म्हणून त्यांना ‘वेलर’ म्हणत. रिकिबीला रिकीब लावून चालणाऱ्या पलटणीत शांत जनावरच हवे, म्हणजे खच्ची किंवा घोडी.

मराठीत ‘खच्ची करणे’ म्हणजे उमेद मारणे. घोड्याच्या बाबतीत हा शब्द अन्यायाचा आहे. पहिल्या महायुद्धात, ३१ ऑक्टोबर १९१७ रोजी, ऑस्ट्रेलियन स्वारांनी पॅलेस्टाईनमधल्या बीरशेबावर दौड केली. त्यांच्या मांडीखाली बहुतेक खच्ची वेलर आणि घोड्याच होत्या. त्यांतल्या कित्येकांना दिवसाहून अधिक काळ पाणी मिळाले नव्हते, तरी खंदक ओलांडून ते गावातल्या विहिरींपर्यंत पोचले.