आनंदघन : ऐरणीच्या ठिणगीपलीकडचं काम

कोल्हापुरात जुन्या मराठी गाण्यांचा कार्यक्रम असला की ‘ऐरणीच्या देवा तुला’ होतंच, आणि ‘अखेरचा हा तुला दंडवत’ राहून गेलं तर प्रेक्षकांतून चिठ्ठी येते. दोन्ही चाली आनंदघन यांच्या. आनंदघन म्हणजे लता मंगेशकर, हेही बहुतेकांना ठाऊक असतं. त्यापुढे मात्र, चित्रपट किती, बाकीची गाणी कुठली, ती गायली कुणी, असं विचारलं की भलेभले गप्प होतात.

चित्रपट पाचच. ‘राम राम पाव्हणं’ (१९६०) स्वतःच्या नावानं केला. मग आनंदघन या नावानं ‘मोहित्यांची मंजुळा’ (१९६३), ‘मराठा तितुका मेळवावा’ (१९६४), ‘साधी माणसं’ (१९६५) आणि ‘तांबडी माती’ (१९६९). आनंदघन नावाच्या या कामामागे दिग्दर्शक भालजी पेंढारकर आणि कोल्हापूरचा जयप्रभा स्टुडिओ आहे. त्यामुळे या चालींची पार्श्वभूमी शोधायची तर मुंबईच्या रेकॉर्डिंग स्टुडिओआधी कोल्हापूरच्या चित्रसंगीताकडे बघावं लागतं.

त्याची सुरुवात गोविंदराव टेंब्यांपासून होते. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात निघाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. मधल्या काळातला ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) हा तिचा पहिला बोलपट. संगीत टेंब्यांचं, आणि हरिश्चंद्राच्या भूमिकेतही तेच. टेंबे मूळचे हार्मोनियमवादक. ‘मानापमान’च्या (१९११) चाली त्यांच्याच. म्हणजे नाटकाच्या पदाला चाल बांधणारा माणूस कॅमेऱ्यासमोर आला तो नाट्यपदाचा हिशेब घेऊन. तेव्हा पार्श्वगायन नव्हतं. नट चित्रीकरणाच्या वेळीच गाई, साथीदार चौकटीबाहेर दडून बसत, माइक दिसणार नाही असा टांगलेला असे. मध्येच सूर ढळला किंवा कुणी खोकलं तर अख्खा तुकडा पुन्हा. त्यामुळे कॅमेऱ्याची फार हलवाहलव परवडत नसे, आणि चाल अशी बांधावी लागे की नटाला एका दमात निभावेल. शिवाय हा चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत निघाला. आज त्यातली पदं संथ वाटतात, त्यामागे अभिरुचीइतकीच ही यंत्रं आहेत. १९३५ नंतर पार्श्वगायन आलं आणि गाणं चित्रीकरणापासून सुटं झालं. प्रभातच्या नंतरच्या वैभवात कोल्हापूरच्या या चार वर्षांतल्या टेंब्यांकडे दुर्लक्ष होतं, ते बरोबर नाही.

मंगेशकर कुटुंबाचा कोल्हापूरशी संबंध १९४०च्या दशकातला. १९४२ मध्ये लताबाईंचे वडील मास्टर दीनानाथ गेले. त्यानंतर नट-दिग्दर्शक मास्टर विनायकांच्या चित्रपटांत लहानसहान भूमिका आणि गाणी करत लताबाईंनी घर चालवलं. ‘पहिली मंगळागौर’ (१९४२), ‘माझं बाळ’ (१९४३), ‘गजाभाऊ’ (१९४४) हे त्या काळातले. विनायकांची प्रफुल्ल पिक्चर्स कोल्हापुरात होती, १९४५ साली ती मुंबईला हलली. गावाकडची बोली, शाहिरी, देवळातली भजनं यांच्याशी लताबाईंचा संबंध निव्वळ कागदावरच्या गाण्यातून आलेला नव्हता, हे यावरून ध्यानात यावं.

भालजी स्वतः गीतं लिहीत, ‘योगेश’ या नावानं. इथे एक खबरदारी. हिंदी गीतकार योगेश वेगळे. अनेक ऑनलाइन याद्यांत दोघांची सरमिसळ होते आणि ‘अखेरचा हा तुला दंडवत’ भलत्याच माणसाच्या खात्यावर जमा होतं. ‘साधी माणसं’मधली ‘राजाच्या रंगम्हाली’, ‘वाट पाहुनी जीव शिणला’, ‘माळ्याच्या मळ्यामंदी’ ही गीतंही भालजींचीच. ‘ऐरणीच्या देवा’ मात्र जगदीश खेबुडकरांचं, आणि ‘मोहित्यांची मंजुळा’मधलं ‘बाई बाई मनमोराचा कसा पिसारा फुलला’ही त्यांचंच. ‘साधी माणसं’ला राज्य पुरस्कारांत उत्कृष्ट संगीताचं पारितोषिक मिळालं आणि आनंदघन या टोपणनावामागचा चेहरा जाहीरपणे लोकांसमोर आला. चित्रपट पडला तर लताबाईंच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून ते नाव घेतल्याचं सांगतात.

आनंदघनांची खरी ओळख ‘मराठा तितुका मेळवावा’त होते, असं आमचं मत. त्यातलं ‘अखेरचा हा तुला दंडवत’ थोडा वेळ बाजूला ठेवा आणि शान्ता शेळके यांची तीन गीतं पाठोपाठ ऐका. ‘मराठी पाऊल पडते पुढे’ हे अनेक आवाजांचं समूहगीत. ‘शूर अम्ही सरदार अम्हाला’ हृदयनाथ मंगेशकरांच्या आवाजात. आणि ‘रेशमाच्या रेघांनी’ ही लावणी आशा भोसले यांना. एकच कवयित्री, एकच संगीतकार, एकच चित्रपट. पण एक चाल पावलावर चालते, दुसरी पुरुषी बेफिकिरीत ताठ उभी राहते, तिसरी लाडात येऊन कर्नाटकी कशिद्याचा तोरा मिरवते. देशात ज्यांच्या आवाजाला तेव्हा सर्वांत जास्त मागणी होती, त्यांनी स्वतःच्याच चित्रपटातली सर्वांत नखरेल चाल बहिणीला दिली. लावणीचा ठसका कुणाच्या गळ्यात आहे याचा हा चोख हिशेब होता. याच चित्रपटातल्या ‘नाव सांग सांग’साठी बंगाली गायक हेमंतकुमारांचा आवाज घेतला. मराठी न येणाऱ्या गायकाला घ्यायचं म्हणजे जोडाक्षरं आणि ‘च’, ‘ज’, ‘झ’चे मराठी उच्चार यांची अडचण येते. म्हणून हे गाणं ऐकताना चालीत शब्द किती सुटे आणि मोकळे पडलेत तिकडे कान द्यावा.

‘तांबडी माती’तलं ‘डौल मोराच्या मानंचा’ बैलजोडीच्या डौलावरचं. लोकांच्या ओठांवर ते थोडंफार आहे, पण आनंदघनांचं म्हणून नाही. बरेच जण त्याला परंपरागत लोकगीत समजतात. चाल इतकी मुरली की बांधणाऱ्याचं नाव गळून पडलं. एका अर्थी शाबासकीच ती, पण यादी करणाऱ्याची पंचाईत होते.

आता ऐकायचं कसं, त्याविषयी. आधी चित्रपट, मग गाण्यांचे संग्रह. कारण ध्वनिमुद्रिकेवर फक्त गाणी येतात, पार्श्वसंगीत येत नाही. संगीतकारानं गाण्याची चाल पुढच्या प्रसंगात बासरीवर किंवा सनईवर पुन्हा आणली का, शोकाच्या जागी संगीत थांबवलं का, हे चित्रपटातच कळतं. वहीत प्रत्येक गाण्याची वेळ, पडद्यावर कोण गातंय, आवाज कुणाचा, ताल (केरव्याच्या आठ मात्रा, दादऱ्याच्या सहा, टाळीवर मोजून), आणि गाण्याआधीचं शेवटचं वाक्य लिहावं. हे वाक्य फार कामाचं. चालीचा पहिला सूर पुष्कळदा त्या वाक्याच्या भावातून उचललेला असतो.

मग ध्वनिमुद्रिकेशी ताडून बघायचं. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीवर एका बाजूला साधारण साडेतीन मिनिटं मावत, त्यामुळे अंतरे गाळले जात किंवा मधलं संगीत तोकडं होई. ४५ फेऱ्यांच्या ईपी या लहान तबकडीवर एका बाजूला दोन गाणी बसत. उलट चित्रपटात संकलकाची कात्री लागलेली असते. कुठला अंतरा कुठे आहे हे मांडल्याशिवाय ‘मूळ गाणं’ म्हणू नये.

सगळ्यांत जास्त फसगत सुराची होते. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींच्या वेगानं काढलेला असतो. आपल्याकडे टीव्ही आणि व्हीसीडीसाठी तो बहुतेकदा २५च्या वेगानं उतरवला जाई. त्यानं आवाज चार टक्क्यांनी जलद होतो आणि सूर पेटीच्या दोन सलग पट्ट्यांमधल्या अंतराच्या जवळजवळ पाऊणपट चढतो. म्हणजे काळी एकमधलं गाणं पांढरी दोनच्या जवळ वाजतं, आणि २०० सेकंदांचं गाणं १९२ सेकंदांत आटपतं. मग आवाज उगाच पातळ लागतो आणि लोक म्हणतात, ‘चित्रपटात वेगळी पट्टी आहे.’ पट्टी वेगळी नाही, उतरवणी वेगळी. ऑडॅसिटीसारख्या ध्वनिसंपादनाच्या प्रणालीत फाइल उघडून वेग ०.९६ पट करावा. तिथे ‘स्पीड’ आणि ‘टेम्पो’ असे दोन पर्याय असतात. ‘टेम्पो’ बदलला तर लय उतरते, पट्टी तशीच राहते, म्हणून ‘स्पीड’च घ्यायचा. पण डोळे मिटून प्रत्येक फाइलला हा उपाय लावू नये. आधी हार्मोनियमवर षड्ज (सा) शोधावा. सूर दोन पट्ट्यांच्या मधोमध अडकला असेल तर संशय घ्यावा आणि ध्वनिमुद्रिकेच्या सुराशी ताडूनच वेग बदलावा. तबकड्यांवरून घरी उतरवलेल्या फाइलींतही वेग चुकलेला असतो, आणि तिथे कमी-जास्त दोन्ही बाजूंना चुकू शकतो.

गाणाऱ्यांसाठी एक वेगळी अडचण आहे. ‘साधी माणसं’तल्या गीतांची भाषा बोलीची आहे. ‘आभाळागत माया तुजी’ यातलं ‘तुजी’ मंचावर हमखास ‘तुझी’ होतं, ‘मळ्यामंदी’चं ‘मळ्यामध्ये’ होतं. दुसऱ्या उदाहरणात तर अनुस्वार जाऊन जोडाक्षर येतं, आघात हलतो, आणि गायिका तो सांभाळायला पुढचा सूर दाबते. चूक स्वरांची वाटते, पण मूळ ‘मध्ये’त असतं. मूळ ध्वनिमुद्रण लावून फक्त शब्द कागदावर उतरवून घ्यावेत, जसे ऐकू येतात तसे, शुद्धलेखनाची काळजी न करता. मग ताल धरून ते नुसते वाचावेत. पेटी त्यानंतर उघडावी.